परीक्षक पाहिजेत

मराठी वाचकाइतका चोखंदळ परीक्षक दुसरा नाही, अशी आमची फार दिवसांची समजूत आहे. मात्र ही परीक्षा तो बहुधा आपल्या उंबरठ्याच्या आतच करितो. नाटक पाहून आला की रात्रीच्या जेवणास नटाची, नाटककाराची आणि पडदा ओढणाऱ्याचीही हजेरी घेतो. पुस्तकात मुद्रणदोष आढळला तर समासात शिसपेन्सिलीने खूण करून पुस्तक ग्रंथालयास परत करितो. ती खूण पुढच्या वाचकास दिसते. प्रकाशकास ती कधीच दिसत नाही, आणि पुढल्या आवृत्तीत तोच दोष पुन्हा तेथेच उभा असतो. दोष ओळखण्याची विद्या आपणांपाशी आहे. तो ज्याच्या हाती दुरुस्त होणार त्याला जाऊन सांगण्याची सवय मात्र नाही. ही सवय आता लावून घेतली पाहिजे, व ती का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

निमित्त असे झाले. मराठी ई-पुस्तकांचे मोबाइलवरील एक ग्रंथालय आपले ॲप नव्याने बांधीत आहे. जुनी मांडणी मोडून नवी केली आहे. ती सर्वांस खुली करण्यापूर्वी काही सभासदांनी वापरून पाहावी व उणिवा कळवाव्या, असे निमंत्रण आमच्या थोरल्या सूनबाईंच्या मोबाइलवर आले. ग्रंथालयाचे नाव आम्ही येथे देत नाही. कारण जी वस्तू अद्याप कारागिराच्या हातातच आहे, तिच्या दोषांची चौकात चर्चा करणे हे परीक्षकाच्या धर्मास सोडून आहे. अशी निमंत्रणे पुष्कळांस येतात आणि पुष्कळजण ती जाहिरात समजून पुसून टाकितात. आम्ही ते स्वीकारले, आणि गेले दोन महिने घरातील लहानथोर मंडळी या परीक्षेत गुंतली आहेत.

या प्रकारास 'बीटा' चाचणी म्हणतात. अल्फा हे ग्रीक वर्णमालेचे पहिले अक्षर व बीटा हे दुसरे. पहिली परीक्षा कारखान्याच्या आत, बांधणाऱ्यांनीच घ्यावयाची. दुसरी बाहेरच्या माणसांकडून करवून घ्यावयाची. शब्द परका असला तरी कल्पना आपणांस परकी नाही. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत कालिदासाचा सूत्रधार म्हणतो की, जाणत्यांचा संतोष होईपर्यंत आपल्या प्रयोगकौशल्यावर आपलाच विश्वास बसत नाही. वेदाचे पाठ राखणाऱ्यांनी तर संहितेवरच न थांबता पद, क्रम, जटा, घन असे पाठ बसविले. शब्द उलटसुलट म्हटले की कोठे अक्षर ढळले असेल तर ते उघडे पडावे, ही त्यातली योजना होय. छापखान्यातील मुद्रितशोधन म्हणजे तरी दुसरे काय? ज्याने खिळे जुळविले त्याच्या डोळ्यांस स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून दुसरे डोळे लागतात.

आता आमच्यासारख्या वयस्कांनी मोबाइलवरील ग्रंथालयाची एवढी काळजी का वाहावी, असे कोणी विचारील. मुंबई व तिच्या आसपासच्या मराठी माणसाने जेथे बिऱ्हाड थाटले तेथे ग्रंथालय उभारले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, मुंबईचे १८९८ सालचे. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ १९२३ साली निघाला व त्याने ग्रंथालय चालविले. आमच्या मुलुंडास महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय आहे. या संस्थांचे ऋण आम्ही जन्मभर मानू. परंतु घरची स्थिती पालटली आहे. उपनगरांतून जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. आमचीही इमारत दोन वर्षांपूर्वी पुनर्विकासासाठी पाडली गेली, आणि नऊ माणसांचे आमचे कुटुंब भाड्याच्या तीन खोल्यांत आले. चार कपाटे पुस्तकांपैकी एक आमच्याबरोबर आले. बाकीची खोक्यांत बांधून एका आप्तांच्या गाळ्यात ठेविली आहेत. शेजारच्या बिऱ्हाडांतून तर पुस्तके किलोच्या भावाने गेलेली आम्ही पाहिली. ज्यांना टाकवत नाहीत आणि ठेवावयास जागा नाही, अशांना हातात मावणारे ग्रंथालय हा चैनीचा विषय राहिलेला नाही.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आमच्या सौभाग्यवतींच्या डोळ्यांच्या पडद्यास मधुमेहाने विकार झाला. छापील पुस्तकातील अक्षर आता त्यांना भिंग धरूनही ओळीने वाचता येत नाही. लग्न होऊन आल्या तेव्हापासून दुपारी घटकाभर वाचल्याविना ज्यांचा दिवस सरला नाही, त्यांना कोणी वाचून दाखविण्याची वाट पाहावी लागणे याचे दुःख काय असते, ते आम्ही घरात राहून पाहिले आहे. मोबाइलवर, आणि त्याहून बऱ्या रीतीने नातवाच्या टॅबलेटवर, अक्षर सुपारीएवढे करता येते. त्या अक्षरांत त्या पुन्हा आपल्या आपण वाचू लागल्या. म्हणून नव्या मांडणीची परीक्षा आमच्या घरी विरंगुळा म्हणून झाली नाही.

कामाची वाटणी अशी झाली. थोरल्या सूनबाई मुलुंडहून लोकलने घाटकोपर व तेथून मेट्रोने अंधेरी असा नित्य प्रवास करितात. प्रवासातले वाचन त्यांच्याकडे. पुस्तके शोधणे व यादी तपासणे आमच्याकडे. मोठ्या अक्षरांचे खाते सौभाग्यवतींकडे. नातू चिरंजीव आमचे लेखनिक.

आमच्या खात्यात पहिल्याच दिवशी गंमत झाली. लेखकांची व ग्रंथांची यादी अकारविल्हे लावली होती. परंतु तो क्रम शाळेत शिकविलेल्या वर्णमालेचा नव्हता. आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. यंत्रास मात्र प्रत्येक अक्षराचा एक क्रमांक ठाऊक असतो, आणि त्या क्रमांकांत ळ हा ल व व यांच्यामध्ये बसविलेला आहे. क्ष आणि ज्ञ यांना तर स्वतंत्र क्रमांकच नाही. क्ष म्हणजे क् अधिक ष, आणि ज्ञ म्हणजे ज् अधिक ञ. व्याकरणदृष्ट्या हे खरेच आहे, ती जोडाक्षरेच होत. परंतु परिणाम असा की, ज्ञानेश्वरीसाठी आम्ही यादीच्या तळाशी गेलो, तर ती 'ज' च्या शेवटी जाऊन बसलेली. दोहोंपैकी कोणताही क्रम पाळावा. पण कोणता पाळला आहे ते यादीच्या माथ्यावर वाचकास सांगावे, असे आम्ही कळविले.

याहून गहन प्रकार शोधाच्या चौकटीत निघाला. 'तऱ्हा' हा शब्द घालून शोध केला तर काही सापडेना. आणि तोच शब्द नावात असलेले पुस्तक डोळ्यांपुढे यादीत दिसत होते! उलगडा नातवाने केला. आपला हा अर्धा र यंत्रात दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखे, यंत्रास मात्र भिन्न. 'ॲ' चेही तसेच. या अक्षरास जागतिक संकेतावलीत, म्हणजे युनिकोडमध्ये, स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. तत्पूर्वी लोक 'अ' वर चंद्रकोर जोडून काम भागवीत, आणि अजूनही कित्येक तसेच करितात. एकाने एका रीतीने नोंद केली व दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधले, की ग्रंथ फडताळात असून नाहीसा झाला.

जुन्या ग्रंथांची अडचण आणखी वेगळी. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम येण्यापूर्वीची पुस्तके अनुस्वारांनी भरलेली असत. त्या काळी 'नाहीं' आणि 'घरांत' असेच छापीत. आजचा विद्यार्थी 'घरात' असे लिहून शोधील तर यंत्र त्याला ते पान दाखविणार नाही. ग्रंथकारांच्या नावांचाही घोळ आहे. हरि नारायण आपटे कोठे ह. ना. आपटे, कोठे हरी नारायण. आणि आडनाव आधी घ्यावे की नाव, यावरून ते तीन ठिकाणी तीन ग्रंथकार होऊन बसतात. राम गणेश गडकरी यांनी कविता गोविंदाग्रज या नावाने व विनोदी लेख बाळकराम या नावाने लिहिले. गडकऱ्यांचा शोध करणाऱ्यास तिन्ही नावांखालची पुस्तके एकत्र दिसली पाहिजेत. हे सर्व बांधणाऱ्या तरुणांस कोणी सांगावे? ते आपल्या विद्येत निपुण आहेत. परंतु आपल्या भाषेच्या या खाचाखोचा ज्याने जन्मभर वाचन केले त्यालाच ठाऊक. पुस्तक असणे निराळे आणि ते सापडणे निराळे. न सापडणारे पुस्तक जळालेल्या पुस्तकाहून फारसे बरे नव्हे.

सूनबाईंनी दाखविलेला दोष साधा, पण त्रासाचा होता. वाचता वाचता कोणाचा फोन आला, की बोलणे संपल्यावर पुस्तक प्रकरणाच्या आरंभी जाऊन उभे राही. घाटकोपरच्या जिन्यावरील गर्दीत एका हाताने पिशवी सावरीत पाने पुन्हा मागेपुढे करणे काय असते, ते खुर्चीत बसून बांधणाऱ्यास कसे कळावे?

सौभाग्यवतींचा प्रसंग मात्र गंभीर होता. जुन्या मांडणीत अक्षर हवे तेवढे वाढविता येई. नवीत सुटसुटीतपणासाठी लहान, मध्यम व मोठे एवढे तीनच आकार ठेविले होते, आणि त्यांतील 'मोठे' त्यांना पुरेसे नव्हते. येथे ई-पुस्तकांतील एक भेद सांगितला पाहिजे. काही पुस्तके पानांची नुसती छायाचित्रे असतात. ती मोठी केली की पान पडद्याबाहेर जाते व प्रत्येक ओळीस डावीउजवीकडे सरकवावे लागते. दुसऱ्या प्रकारात मजकूर प्रवाही असतो. अक्षर वाढविले की ओळी आपोआप नव्या पडतात, शब्द पडद्याबाहेर जात नाहीत. या दुसऱ्या प्रकारामुळेच मंददृष्टीच्या माणसास वाचन साधते. आणि नेमकी त्याचीच मर्यादा आखडली होती. पहिल्या दिवशी त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, राहू द्या. एका म्हातारीसाठी कोण बदलणार आहे? मी आपली पोथ्या ऐकेन." दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी नातवास जवळ बोलाविले आणि स्वतः मजकूर सांगितला. तो असा: "माझे वय ६३. मी रोज दोन तास वाचते. तुमच्या सर्वांत मोठ्या अक्षरात मला ओळीतला एकआड एक शब्द दिसत नाही. जुन्या ॲपमध्ये दिसत होता. ते अक्षर परत द्यावे, नाहीतर माझे वाचन बंद होईल." आम्ही जन्मभर मुलांचे निबंध तपासले, यात एक शब्द कमीजास्त करावा असे आम्हांस वाटले नाही.

चार दिवसांनी ग्रंथालयातील एका तरुणाचा दूरध्वनी आला. तो मोठ्या आदराने म्हणाला, "काकू, अक्षराची तक्रार तुमचीच पहिली. मोठे अक्षर कोणाला लागत नाही, असे आम्ही समजलो होतो." सौभाग्यवतींनी विचारले, "मग ज्यांना लागते ती माणसे गेली कोठे, बाळ?" तो म्हणाला, "वाचता आले नाही की बहुतेक ॲप काढून टाकतात, काकू. आम्हांला काही कळवत नाहीत."

वाचकहो, आमच्या सांगण्याचा सारा अर्थ या उत्तरात आहे. जो तक्रार करीत नाही तो हिशेबात धरला जात नाही. वृद्ध, मंददृष्टी, जुने मराठी वाचणारे, फार न शिकलेले असे वाचक मुकाट्याने निघून जातात, आणि बांधणारा समजतो की असे वाचक मुळी नाहीतच. मग पुढली मांडणी त्यांना वगळूनच होते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. परंतु कपाट गेले, भिंग गेले आणि शेवटी पडदाही गेला, तर त्या माणसाने जावे कोठे?

नंतरच्या आवृत्तीत अक्षराची मर्यादा वाढविली गेली व फोननंतर पान जागेवर राहू लागले. अर्ध्या र ची तोड निघाली. अकारविल्हे यादीचे काम 'पुढे पाहू' या सदरात आहे, आणि अनुस्वाराच्या शोधाचे उत्तर अद्याप आलेले नाही. आम्ही दर पंधरवड्यास आठवण देतो.

परीक्षा कशी करावी, याविषयी शिक्षकाच्या अनुभवाने थोडे सांगतो. 'छान आहे' या अभिप्रायाचा उपयोग शून्य. 'अगदी टाकाऊ आहे' याचाही तितकाच. तपासनीसाने उत्तराखाली रेघ मारून चूक नेमकी दाखवावी, तसे येथे करावे. आपण काय केले, काय व्हावे असे वाटले, आणि प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी तीन वाक्यांत लिहाव्या. मोबाइल कोणता व ॲपची आवृत्ती कितवी ते नमूद करावे. पडद्याचे चित्र जोडावे. एका पत्रात एकच दोष लिहावा, म्हणजे तो कोणाच्या नजरेतून निसटत नाही.

सावधगिरीही हवी. खरी चाचणी मोबाइलच्या अधिकृत दुकानातूनच, म्हणजे प्ले स्टोअर किंवा ॲपलच्या टेस्टफ्लाइटमधूनच घ्यावी. अनोळखी दुव्यावरून आलेली वस्तू उतरवून घेऊ नये. पुस्तके वाचावयास बँकेचा तपशील किंवा ओटीपी लागत नाही. कोणी मागितल्यास तेथेच थांबावे. ॲपने मोबाइलमधील नावे व क्रमांक पाहण्याची परवानगी मागितली तर नाकारावी, आणि ग्रंथालयास ती कशासाठी हवी, हा प्रश्नही अभिप्रायात विचारावा. कच्च्या आवृत्तीत खुणा व टिपणे नाहीशी होऊ शकतात, म्हणून महत्त्वाची टिपणे वहीत उतरून ठेवावी. आयफोनवर चाचणीची प्रत ९० दिवसांनी आपोआप बंद होते. त्याने घाबरू नये.

आमचे धाकटे चिरंजीव म्हणतात, "बाबा, हे लोकांचे फुकट काम झाले." आक्षेप अगदीच पोकळ नाही. जेथे केवळ दुसऱ्याचा नफा आहे तेथे आपला वेळ किती द्यावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. आठवड्यास अर्धा तास ही मर्यादा आम्ही स्वतःस घातली आहे. पण फुकटच काम करावयाचे तर त्यालाही उत्तम जागा आहे. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तके एकीकडे पानाचे चित्र व दुसरीकडे मजकूर अशी मांडून ठेविलेली असतात. एका वाचकाने तपासलेले पान पिवळे होते, दुसऱ्याने पुन्हा पडताळले की हिरवे. भारतीय कायद्याप्रमाणे ग्रंथकाराच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे संपली की त्याचे ग्रंथ सर्वांचे होतात. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ च्या आरंभापासून अशी मोकळी झाली आहेत. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, त्यांच्या पुस्तकांस अजून अवकाश आहे. मोकळी झालेली पुस्तके शुद्ध स्वरूपात नातवंडांच्या हाती पडावी, यासाठी घटकाभर डोळे देणे हे फुकट खास नव्हे.

तेव्हा आमची विनंती अशी की, अशी निमंत्रणे आली तर पुसून टाकू नयेत. घरातील दोघांनी तरी नावे द्यावी. एक तरुण, ज्याला यंत्र कळते, आणि एक वडीलधारे, ज्याला पुस्तक कळते. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील ग्रंथालयांच्या वाचनकक्षांत सकाळी वर्तमानपत्रांसाठी जमणाऱ्या निवृत्त मंडळींनी यास आठवड्याचा एक तास दिला, तर परीक्षकांची उणीव पडणार नाही. वयाची अट नाही. चष्म्याचा नंबर जितका मोठा तितका अर्जदार अधिक योग्य समजावा.

अनुस्वाराविषयीचे आमचे पाचवे पत्र कालच रवाना झाले आहे. उत्तर आले म्हणजे वाचकांस कळवू.